हजेरीपट आणि इतिहासाचा तास

शाळेच्या कपाटांत हजेरीपट नांवाचें जें लांबट पुस्तक असतें, तें बाहेरच्या माणसाला फार रूक्ष वाटतें. डाव्या हाताला नांवें, वर तारखा आणि मधल्या चौकटींत हजर-गैरहजर यांच्या खुणा. परंतु ज्या मास्तरानें तीस-पस्तीस वर्षें रोज सकाळीं तें पुस्तक भरलें आहे, त्याला विचाराल, तर तो सांगेल कीं, गांवाचा खरा इतिहास याच पुस्तकांत लिहिलेला असतो. कोणत्या सालीं पाऊस झाला नाहीं, कोणत्या महिन्यांत गोवराची सांथ आली, बाजार कोणत्या वारीं भरतो, कापूस वेंचणीला केव्हां येतो, थोरली बहीण धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठीं केव्हांपासून घरीं राहूं लागली, हें सर्व त्या चौकटींवरून वाचतां येतें. आजचा माझा विषय या पुस्तकांतूनच निघालेला आहे. मूल शाळा चुकतें, तेव्हां त्याचें नेमकें काय चुकतें? आणि विशेषेंकरून इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, चित्रकला व गायन या विषयांचें त्या चुकण्यानें काय होतें?

प्रश्न साधा दिसतो आणि त्याचें उत्तरहि आपल्यापाशीं तयार असतें. शाळा बुडली म्हणजे सगळेच विषय सारखे बुडतात, असें आपण समजतों. पण तसें होत नाहीं. आपल्या सुशिक्षित घरांतलेंच उदाहरण घ्या. मुलाला आठ दिवस ताप येतो. तो उतरला कीं आई शेजारच्या मुलाची वही मागून आणते आणि राहिलेलें उतरवून घ्यावयास सांगते. ही वही प्रथम कोणत्या विषयाची असते? गणिताची, त्यानंतर भाषेची. त्या आठ दिवसांत वर्गांत कोणतें गाणें बसविलें, कोणत्या नदीचा नकाशा काढला, कोणत्या प्रश्नावर मुलांचा वाद झाला, हें कोणी विचारीत नाहीं. विचारलें तरी तें वहींतून उतरवून घेतां येण्यासारखें नसतें.

याचें कारण त्या विषयांच्या घडणींतच आहे. हातच्याची वजाबाकी ज्याला आली नाहीं, त्याचा भागाकार अडतो. आणि अडला कीं गुरुजींच्या लक्षांत येतें. इतिहासांत असें अडत नाहीं. अफझलखानाचा धडा न ऐकलेला मुलगा आग्ऱ्याहून सुटकेचा धडा तितक्याच आनंदानें वाचतो. तो धडा त्याला समजला असें आपणांस वाटतें आणि त्यालाहि तसेंच वाटतें. परंतु एका घटनेंतून दुसरी कशी निघाली, हें त्याच्या हातीं लागत नाहीं. इतिहास म्हणजे सुट्या गोष्टींची पोतडी, अशी त्याची समजूत होऊन बसते. गायनाच्या तासाला चाल न येणारें मूल मागच्या रांगेंत उभें राहून नुसते ओंठ हलवितें. सर्वांच्या आवाजांत त्याचें मौन ऐकूं येत नाहीं. नागरिकशास्त्र तर पुस्तकापेक्षां वर्गांत बसण्यानेंच अधिक शिकावयाचें असतें. आपली पाळी येईपर्यंत थांबणें, दुसऱ्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकणें, वर्गमंत्री निवडतांना मत देणें, हे त्या विषयाचे खरे धडे होत. म्हणून या विषयांतलें नुकसान मोठें असूनहि दिसत नाहीं. आणि जें दिसत नाहीं, तें भरून काढण्याची कोणाला घाई नसते.

ही गोष्ट आजची नाहीं. तिला दीडशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात आपल्या देशांत झाली नसून इंग्लंडांत झाली. इ. स. १८६२ मध्यें रॉबर्ट लो या मंत्र्याच्या पुढाकारानें तेथील प्राथमिक शाळांना 'सुधारित संहिता' लागू झाली. शाळेला सरकारी अनुदान कसें द्यावयाचें, याचा तिनें चोख हिशेब घालून दिला. सरासरी हजेरीवर दर मुलामागें चार शिलिंग. आणि जें मूल वर्षांत दोनशेंहून अधिक वेळां हजर असेल, त्याच्यामागें आणखी आठ शिलिंग. मात्र हे आठ शिलिंग परीक्षेवर अवलंबून होते. वाचन, लेखन व गणित या तीन विषयांपैकीं ज्यांत मूल नापास होईल, त्या प्रत्येकामागें दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. हीच पुढें 'परिणामानुसार वेतन' म्हणून प्रसिद्ध झालेली पद्धति.

हेतु वाईट नव्हता. सरकारी पैशाचा मोबदला मिळावा आणि गरिबाच्या मुलाकडे शिक्षकानें दुर्लक्ष करूं नये, हाच तो हेतु होता. पण फळ काय आलें? ज्या विषयांना पैसा, तेच विषय शाळेंत उरले. इतिहास, भूगोल व चित्रकला यांची पीछेहाट झाली. मॅथ्यू आर्नोल्ड हा प्रसिद्ध कवि त्या वेळीं शाळातपासनीस होता. या पद्धतीनें शिक्षण यांत्रिक होत चाललें आहे, असें तो आपल्या अहवालांतून परोपरीनें सांगत राहिला. १८६७ सालीं इतिहास-भूगोलासारख्या जादा विषयाला थोडें अनुदान देण्याची तजवीज करावी लागली, यावरूनच नुकसानाची कल्पना येते. ही पद्धति पूर्णपणें जावयास शतकाची अखेर उजाडली. यांतली मुख्य गोष्ट लक्षांत घ्यावयाची ती ही, कीं हजेरी व तीन विषय यांची गांठ एकदां पैशाशीं बांधली गेली, आणि अनियमित येणाऱ्या मुलाला वर्षाअखेर पास करावयाचें म्हणून शिक्षक बाकीचे विषय प्रथम टाकूं लागले.

आपल्याकडेहि हीच पद्धति आली. १८८२ सालीं नेमलेल्या हंटर आयोगानें खासगी प्राथमिक शाळांच्या अनुदानासाठीं तिची शिफारस केली. आणि १९०४ सालच्या कर्झनकालीन सरकारी ठरावानें ती सोडून देण्यांत आली. पद्धति गेली, पण संवय गेली नाहीं.

याच हंटर आयोगापुढें ऑक्टोबर १८८२ मध्यें पुण्याच्या एका गृहस्थांनीं जें निवेदन ठेविलें, तें या विषयाच्या दृष्टीनें मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. ते गृहस्थ म्हणजे महात्मा जोतीराव फुले. प्राथमिक शिक्षण ठराविक वयापर्यंत, निदान बारा वर्षांपर्यंत तरी, सक्तीचें करावें, ही त्यांची मागणी सर्वांना ठाऊक आहे. शेतकऱ्याचीं मुलें शाळेंत कां येत नाहींत, याचें कारणहि त्यांनीं स्पष्ट सांगितलें. घरचें दारिद्र्य इतकें कीं, गुरें राखावयास आणि शेतांत हात लावावयास त्या मुलांवांचून भागत नाहीं. म्हणून नुसती सक्ति नको, तर शिष्यवृत्त्या व बक्षिसें यांचें उत्तेजनहि हवें, असें ते म्हणाले.

पण त्या निवेदनाचा आणखी एक भाग आहे, ज्याकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. या मुलांना काय शिकवावें, हेंहि जोतीरावांनीं सांगितलें आहे. मोडी व बाळबोध लिहिणें-वाचणें आणि हिशेब हें तर त्यांत आहेच. परंतु त्याच्याच जोडीला सामान्य इतिहास, सामान्य भूगोल, व्याकरण, शेतीचें प्राथमिक ज्ञान, आणि नीति व आरोग्य यांवरचे धडे आहेत. गुरें राखणाऱ्या मुलाला दोन ओळी वाचतां आल्या व चार आकडे मांडतां आले म्हणजे झालें, असें जोतीराव म्हणत नाहींत. त्यालाहि इतिहास हवा, भूगोल हवा, असा त्यांचा आग्रह आहे. इंग्लंडांत गरिबाच्या शाळेंतून हे विषय गळत असतांना, तिकडे न गेलेला हा पुण्याचा गृहस्थ तेच विषय गरिबाच्या पोरासाठीं मागत होता!

हा आग्रह कोठून आला? माझ्या मतें तो अनुभवांतून आला. १८४८ पासून जोतीराव व सावित्रीबाई यांनीं पुण्यांत मुलींसाठीं, आणि पुढें अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलामुलींसाठीं, शाळा चालविल्या होत्या. त्यांच्या शाळेंतील मुक्ता साळवे या सुमारें चौदा वर्षांच्या मुलीनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. आपल्या जातीची अशी अवस्था कां आहे, ती कोणी केली, धर्माचा व राज्याचा तिच्याशीं संबंध काय, असे प्रश्न त्या मुलीनें निर्भयपणें विचारले आहेत. आज आपण ज्याला समाजशास्त्राचें शिक्षण म्हणतों, त्याचें याहून चांगलें उदाहरण मला माहीत नाहीं. नुसतें वाचतां येण्यानें असा निबंध लिहून होत नाहीं. आपल्या भोंवतालच्या परिस्थितीला कारणें असतात, तीं माणसांनीं घडविलेलीं असतात, म्हणून माणसांना तीं बदलतांहि येतात, ही दृष्टि कोणीतरी द्यावी लागते. मुक्ता त्या दिवसांत शाळेंत हजर होती, म्हणून तिला ती मिळाली.

आतां सक्तीची हकीगत थोडक्यांत सांगतों. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ सालीं तो सर्व राज्याला लागू केला. याच राजानें १८८६ सालीं मौलाबक्ष यांच्या हाताखालीं गायनशाळा उघडली आणि १८९० सालीं कलाभवन स्थापिलें. गांवोगांवच्या प्राथमिक शाळा आणि कलेच्या संस्था हीं दोन्ही कामें एकाच काळांत चाललीं होतीं. अक्षरओळख आधीं होऊं द्या, कलेचें पुढें पाहूं, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. पुढें नामदार गोखले यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत सक्तीच्या शिक्षणाचें बिल आणलें. तें अत्यंत सौम्य होतें. तरी मार्च १९१२ मध्यें तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं नामंजूर झालें. कोल्हापुरांत श्रीशाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, आणि १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांसाठीं कायदा झाला.

शाळा वाढल्या, पटावरचीं नांवें वाढलीं. पण १९२९ सालीं हार्टोग समितीनें आपला अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हां निराळेंच चित्र दिसलें. ब्रिटिश हिंदुस्थानांत १९२२-२३ सालीं पहिलींत असलेल्या दर शंभर मुलांमागें १९२५-२६ सालीं चौथींत अवघीं १८ पोंचलीं होतीं. समितीनें याला दोन नांवें दिलीं. मध्येंच शाळा सोडणें ती गळती, आणि एकाच इयत्तेंत अडकून राहणें तें स्थगन. बाकीचीं ८२ मुलें कोठें गेलीं, याची चर्चा त्या काळीं पुष्कळ झाली आणि ती मुख्यतः साक्षरतेच्या अंगानें झाली. चार वर्षें पुरीं न करणाऱ्या मुलाची अक्षरओळख टिकत नाहीं, तेव्हां त्याच्यावरचा खर्च फुकट जातो, असा तो हिशेब होता.

मी स्वतः शिक्षक म्हणून त्या आंकड्याकडे निराळ्या रीतीनें पाहतों. इतिहास-भूगोलाची गाडी प्राथमिक शाळेंत उशिरा सुटते. मूल प्रथम अक्षरें शिकतें, मग आपला गांव व जिल्हा पाहतें आणि त्यानंतर राज्य, देश व भूतकाळ यांकडे वळतें. आपल्या महाराष्ट्रांत जिल्ह्याचा भूगोल तिसरींत येई आणि १९७० पासून 'शिवछत्रपती' हें पुस्तक चौथींत आलें, हें आपणांस स्मरत असेल. याचा अर्थ असा कीं, दुसरी-तिसरींत शाळा सोडणारें मूल अक्षरें तरी थोडींबहुत घेऊन जातें; पण इतिहास व भूगोल यांच्या दारापर्यंतहि तें पोंचत नाहीं.

आतां हा इतिहास सोडून मी माझ्या स्वतःच्या वर्गाकडे येतों. कारण यांत माझीहि एक चूक आहे आणि ती सांगितल्याशिवाय हें भाषण प्रामाणिक होणार नाहीं.

मी मॅट्रिक होऊन अध्यापनाचें शिक्षण घेतलें आणि बालाघाटच्या डोंगराळ भागांतील एका खेड्यांत शिक्षक झालों. त्या मुलखांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिमेकडे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. घरीं म्हातारें माणूस असलें तर मूल मागें राहतें. नसलें तर तें बैलगाडींत किंवा ट्रकमध्यें बसून आईबापांबरोबर फडावर जातें. परत येणें पाडव्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत केव्हांहि. माझ्या हजेरीपटांत कार्तिकापासून चैत्रापर्यंत अर्ध्या चौकटी रिकाम्या असत.

असाच एक चौथींतला मुलगा एका वर्षीं पाडव्याला परत आला. परीक्षा जवळ आली होती. मुलगा हुशार होता आणि तो मागें राहूं नये अशी माझी मनापासून इच्छा होती. मीं त्याला सकाळ-संध्याकाळ वाचन व गणित द्यावयास सुरुवात केली. इतिहासाचा व चित्रकलेचा तास लागला कीं, मी त्याला पाटी देऊन व्हरांड्यांत बसवीत असें. "तूं भागाकार कर, हें तुला नंतर पाहतां येईल," असें मी सांगें. आंत वर्ग प्रतापगडावर असे आणि हा बाहेर भागाकार करीत असे. तो पास झाला. मला त्याचा अभिमान वाटला.

परीक्षेनंतर वेळ घालवावा म्हणून एके दिवशीं मीं सर्व मुलांना शाळेपासून आपल्या घरापर्यंतचा नकाशा काढावयास सांगितला. बाकीच्या मुलांनीं पार, विहीर, देऊळ, अशा खुणा काढल्या. या मुलाचा कागद पुरेना. त्यानें आमच्या गांवापासून निघून घाट काढला. मग सीना, भीमा व नीरा या तीन नद्या ज्या क्रमानें लागतात, त्याच क्रमानें काढल्या. ट्रक कोठें थांबतो, प्यावयाचें पाणी कोठें मिळतें, याच्या खुणा केल्या. आणि शेवटीं कारखान्याचें धुरांडें व त्याच्या पायथ्याशीं कोप्यांची रांग दाखविली. आपलें घर म्हणून त्यानें त्यांतल्या एका कोपीवर फुली केली होती. मी पाहत राहिलों. तेवढ्यांत त्यानें विचारलें, "गुरुजी, तिकडं एवढं पाणी हाय, मग आपल्याकडंच का न्हाई?"

श्रोतेहो, सबंध भूगोल, सबंध इतिहास आणि सबंध नागरिकशास्त्र या एका प्रश्नांत होतें. सह्याद्रि पावसाचे ढग अडवितो आणि आपला मुलूख पर्जन्यछायेंत पडतो, हा त्यांतला भूगोल. नीरेसारख्या नद्यांवर इंग्रजी अमदानींत कालवे निघाले, त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, आणि १९५० सालीं प्रवरेकांठीं लोणी येथें सहकारी कारखाना सुरू झाल्यावर तशा कारखान्यांची मालिका पुढें वाढत गेली, हा इतिहास. एकाच राज्यांतल्या एका भागाला पाणी पोंचतें व दुसऱ्याला पोंचत नाहीं, तें कोणी ठरवावें, त्यासाठीं कोणाकडे दाद मागावी, हें नागरिकशास्त्र. मीं यांपैकीं त्याला काय सांगितलें? कांहींच नाहीं. घंटा व्हावयाची होती. "पुढच्या वर्षीं सांगेन," असें मी म्हणालों. पुढच्या वर्षीं दसऱ्यानंतर तो गेला, तो वर्गांत परत आला नाहीं. नियमाप्रमाणें मुदत भरल्यावर मीं त्याचें नांव पटावरून कमी केलें. तो कागद मात्र पुष्कळ दिवस माझ्या टेबलांत होता.

तेव्हांपासून एक गोष्ट माझ्या मनांत पक्की झाली. ज्या विषयांनीं मुलाला स्वतःच्या गैरहजेरीचें कारण कळावयाचें, तेच विषय गैरहजेरीनें प्रथम जातात. आणि ते नेणारा हात पुष्कळदां मुलाच्या हितचिंतकाचाच असतो. १८६२ सालीं इंग्लंडांत तो हात पैशाच्या भीतीनें चालला; माझा हात निकालाच्या काळजीनें चालला. परिणाम एकच.

मग वाचन-गणित आधीं शिकवूं नये काय? असें मी मुळींच म्हणत नाहीं. ज्याला वाचतां येत नाहीं, त्याच्यापुढें इतिहासाचें पुस्तक ठेवून काय उपयोग? मात्र पाया पुरा झाल्यावरच भिंत, हा गवंड्याचा नियम मुलाच्या मनाला लागू पडत नाहीं. मुलगा नदीविषयीं वाचतां वाचतांच वाचावयास शिकतो आणि उसाच्या मोळ्या मोजतां मोजतांच गणित शिकतो. ज्या विषयांत त्याचें स्वतःचें जग येतें, ते वगळून उरलेलें शिक्षण त्याला परकें वाटतें. आणि परक्या जागीं मूल फार दिवस टिकत नाहीं. म्हणजे हे विषय गैरहजेरीनें जातात एवढेंच नव्हे, तर ते गेल्यामुळें गैरहजेरी वाढते.

यावर दुसरी वाट कोणी दाखविलीच नाहीं, असें नाहीं. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम सुरू केलें आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढें तें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील वारली मुलें गुरें घेऊन रानांत जात. शाळेंत कशीं येणार? जोतीरावांनीं १८८२ सालीं सांगितलेलीच अडचण ही. तेव्हां या दोघींनीं शाळाच कुरणांत नेली आणि तिचें नांवहि कुरणशाळा असेंच ठेविलें. गुरें चरत आहेत आणि मुलें झाडाखालीं शिकत आहेत! भोंवतालचे दगड, पानें, बिया हींच त्यांचीं साधनें. गाणीं, गोष्टी व हस्तकला यांना तेथें पहिल्या पंक्तीचा मान होता. फुरसतीचा विषय म्हणून त्यांना बाजूला बसविलेलें नव्हतें.

अलीकडचा काळ आपण सर्वांनीं पाहिलाच आहे. २००९ सालीं सक्तीच्या व मोफत शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलांत आला. गोखल्यांचें स्वप्न शंभर वर्षांनीं कायद्याच्या पुस्तकांत उतरलें. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीं साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहें निघालीं. मग मार्च २०२० मध्यें महामारीमुळें सगळ्याच शाळा बंद झाल्या. लहान वर्ग पुन्हां सुरळीत भरावयास २०२२ साल उजाडलें. आयुष्यांत प्रथमच शहरांतल्या सुखवस्तु घरांना 'शाळा चुकणें' म्हणजे काय, हें कळलें. त्यानंतर जो तो विचारूं लागला, मुलांना वाचतां येतें काय, वजाबाकी येते काय? हे प्रश्न योग्यच होते. २००५ पासून 'असर' या नांवानें ज्या पाहण्या होत आल्या, त्यांत प्रामुख्यानें वाचन व साधें गणित पाहिलें जातें. घरोघरीं जाऊन थोड्या वेळांत पाहतां येईल असें तेवढेंच असतें. परंतु जें मोजतां येतें, तेवढेंच हरवलें, असा आपला ग्रह होऊं देऊं नये. त्या दोन वर्षांत ज्यांनीं मैदानांत एकत्र कवायत केली नाहीं, गॅदरिंगांत सोंग घेतलें नाहीं, गडावर सहल नेली नाहीं, भांडून पुन्हां एका बांकावर बसावें लागतें हें अनुभविलें नाहीं, त्यांच्या त्या तुटीचा आंकडा कोणत्याहि तक्त्यांत दिसावयाचा नाहीं.

तर आतां करावें काय? मी मोठ्या योजना सांगणारा माणूस नव्हे. शिक्षकांना एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, फार दिवसांनीं परत आलेल्या मुलाला इतिहासाच्या तासाला व्हरांड्यांत बसवूं नका. त्याला वर्गांत घ्या आणि तो जेथें होता, तेथली हकीगत आधीं त्यालाच सांगूं द्या. त्याची गैरहजेरी हाच त्या दिवसाचा भूगोलाचा धडा होऊं शकतो. मीं तो धडा घालविला. आपण घालवूं नये.

आणि हें भाषण घरीं बसून ऐकणाऱ्या आपणां शहरवासीयांस एक विनंती आहे. आपल्या घरचें मूल आजारानें वा लग्नकार्यानें शाळा चुकलें, तर त्याला गणिताची वही अवश्य आणून द्या. पण वर्गांत कोणतें गाणें झालें, नकाशांत कोणती नदी आली, कशावरून वाद झाला, हेंहि विचारा. दहावीचें वर्ष आलें म्हणून चित्रकला व गायन प्रथम बंद करण्याची जी रीत आपल्या घरांतून पडली आहे, तीहि एकदां तपासून पाहा. तेथें तर मूल रोज शाळेंत हजर असतें आणि त्या विषयांपुरतें त्याला आपणच गैरहजर करतों. शेवटीं, हिवाळ्यांत कधीं सोलापूर-सांगलीकडे जातांना रस्त्याकांठच्या फडांत मोळ्यांशेजारीं एखादें आठ-नऊ वर्षांचें मूल बसलेलें दिसलें, तर त्याला "शाळेंत कां जात नाहींस?" एवढेंच विचारून पुढें जाऊं नका. त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचें काम त्याचें नाहीं. तें इतिहासाचें आहे, भूगोलाचें आहे आणि नागरिक म्हणून आपलें आहे. त्याच्याजवळ त्याचा स्वतःचा एक प्रश्न असेल. तो ऐकून घ्यावयास कोणीतरी मास्तर त्याच्या जवळपास असावा, एवढी तजवीज आपण केली, तरी जोतीरावांनीं हंटर आयोगापुढें मागितलेल्या गोष्टींपैकीं एक तरी पुरी होईल.